कोरी बाटली खवटत नव्हती

मुलानं परवा एक डबी आणून दिली. रोज सकाळी एक गोळी घ्यायची. डबीवर हिरवं पान काढलंय आणि खाली लिहिलंय, की ह्या गोळीतले अँटिऑक्सिडंट माणसाला आतून गंजू देत नाहीत. मी म्हटलं, माणूस म्हणजे काय पत्र्याची बादली आहे का? मुलगा म्हणाला, "बाबा, मतलब, तुम्हाला नाही कळणार ते. रिसर्च आहे त्याच्यामागे."

मला नाही कळणार. बरोबर आहे. मी चौथी शिकलेला माणूस. पण हा शब्द मी ह्या मुलाच्या जन्माआधीपासून ऐकतोय, आणि नुसता ऐकला नाही, त्याच्या बाटल्या घासल्यात. इथं जयपुरात एका कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मी अटेंडंट होतो. झाडपाल्याचे अर्क काढायचे, ते तुपात घालायचे, आणि तूप किती दिवसांनी खवट होतं ते बघत बसायचं. हा तिथला उद्योग. शिकलेली माणसं ह्याला संशोधन म्हणत. मी त्याला भांडी घासणं म्हणत असे, कारण माझ्या वाट्याला तेच होतं.

आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कुणी ना कुणी साहेब नोकरीच्या आठवणी लिहितात. बँकेतले असतात, इन्शुरन्समधले असतात. इथून बदली, तिथं बढती, शेवटी निरोपसमारंभ आणि शाल. वाचून मला झोप येते. मला ना बदली होती ना बढती. मी लिहितोय ते एका विड्याच्या पानासाठी. ते पान माझ्या बायकोचं होतं. तिचं नाव इंदू. यंदा फाल्गुनात ती गेली. त्या पानाबद्दल तिला एक गोष्ट सांगायची माझ्याकडून राहिली. चाळीस वर्षं राहिली. आता ती तुम्हाला सांगतो. त्यानं होणार काही नाही, पण सांगतो.

जयपूरला मी आलो तो साहेबांच्या ट्रंकांबरोबर. साहेब पुण्याचे. डॉक्टर होते, पण नाडी बघणारे नव्हेत, कागदाचे डॉक्टर. त्यांची इथं नेमणूक झाली तेव्हा बरोबर ओळखीचा गडी हवा होता. आमचं गाव साताऱ्याकडचं, घरी जमीन नावालाच, मी आलो. वर्षभर त्यांच्या घरी पाणी भरलं, मग त्यांनी मला लॅबमध्ये चिकटवलं. पन्नास सालाच्या पुढची ती वर्षं. नोकरी कच्ची. दर सहा महिन्यांनी एक कागद यायचा, की ह्या माणसाला आणखी सहा महिने ठेवलेलं आहे. माझं लग्न झालं, इंदू आली, तरी कागद सहा महिन्यांचाच. दर वेळी तो यायच्या आधी आठ दिवस आम्ही दोघंही जरा हळू बोलायचो.

आता धंदा काय होता ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तूप ठेवून दिलं की काही दिवसांनी त्याला वास मारतो. का मारतो? तर त्याला हवा लागते. हवेत जो प्राणवायू असतो, ज्याच्यावर आपण जगतो, तोच तुपाला खातो. पण काही झाडांच्या सालीत, पानांत, फळांत असं काहीतरी असतं, की ते तुपात घातलं तर तो मार ते स्वतः खातं आणि तूप वाचतं. दोन माणसं भांडत असताना एखादी बाई मधे पडते आणि दोन धपाटे स्वतः खाते, तसं. हे साहेबांनी मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "मग त्या झाडपाल्याचं पुढं काय होतं?" साहेब म्हणाले, "ते संपतं." बस, एवढंच आहे ते अँटिऑक्सिडंट. बाकी सगळं डबीवरचं चित्र.

आम्ही आवळा घ्यायचो, हिरडा घ्यायचो, अर्जुनाची साल, गुळवेल, तुळस. कुटायचं, स्पिरिटमध्ये भिजत घालायचं, गाळायचं, पाण्याच्या वाफेवर आटवायचं. खाली काळसर चिकट गोळा राहतो तो अर्क. काचेच्या कांडीच्या टोकाला येईल एवढा घेऊन तुपाच्या बाटलीत घोळवायचा. अशा दहा-बारा बाटल्या. आणि एक बाटली नुसत्या तुपाची, तिच्यात काही घालायचं नाही. तिला आम्ही कोरी बाटली म्हणायचो. सगळ्या बाटल्या एका गरम पेटीत ठेवायच्या, हात लावला तर चटका बसेल इतपत गरम. मग दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक बाटलीतलं थोडं तूप काढून त्यात औषधं घालायची. तूप बिघडलेलं असेल तर खळीच्या पाण्यानं निळं होतं. मग वरून दुसरं औषध थेंबथेंब सोडत तो निळा रंग घालवायचा. जितके थेंब जास्त लागतील तितकं तूप जास्त बिघडलेलं. कोरी बाटली सर्वांत आधी खवटायची. खवटायलाच हवी. तिच्यावरून बाकीच्यांचं माप निघायचं.

थेंब साहेब मोजायचे. पण साहेबांनी थेंब सोडायच्या आधी मी बाटली हुंगून सांगायचो, ही गेली, ही जायला लागलीय, ही ठणठणीत आहे. आणि थेंबांचं उत्तर माझ्या नाकाशी जुळायचं. पहिल्यांदा साहेब हसले, मग हसायचे थांबले, मग वहीत माझ्या नाकाचा एक वेगळा रकाना पाडला. स्टोअरकीपर रामजीलाल मला म्हणायचा, "मराठे, थारी नाक तो सरकार ने खरीद ली।" रामजीलाल जात्याच आळशी आणि जिभेचा तिखट. दिवसभर स्टोअरच्या दारात खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टोचायचा. पण लॅबमध्ये माझ्याशी माणसासारखं बोलणारा तोच एक.

लॅबमध्ये येणारे नग तर काय सांगावेत. एक वैद्य यायचे. भला मोठा साफा, कपाळाला गंध, हातात पितळी डबा. डब्यात म्हणे शंभर वर्षांचं तूप. वैद्यकात जुनं तूप औषध मानतात, जितकं जुनं तितकं चांगलं, हे खरं आहे, मी नाकारत नाही. कुठल्याशा ठाकुराच्या हवेलीत पुरून ठेवलेलं मिळालं असं त्यांचं म्हणणं. आमच्या साहेबांनी ते तपासून एक कागद लिहून द्यावा, म्हणजे तो कागद दुकानात टांगता येईल. मी झाकण काढून हुंगलं. शंभर वर्षं कसली, दोन उन्हाळे पण झाले नव्हते. आणि तूपही नव्हतं, तेल गोठवून केलेलं, पत्र्याच्या डब्यातलं वनस्पती होतं. मी सांगितलं तसं वैद्यजी भडकले. "यह चपरासी क्या जाने!" साहेब म्हणाले, बघू. वनस्पती ओळखायची सोपी खूण असते. त्यात ॲसिड आणि साखर घालून हलवलं की ते गुलाबी होतं. हलवलं. झक्क गुलाबी झालं. वैद्यजींनी नळी उजेडात धरून पाहिली आणि डोळ्याची पापणी न हलवता म्हणाले, "डाक्टर साहब, जयपुर का घी है, गुलाबी ही होगा।" रामजीलाल खुर्चीवरून पडायचा राहिला.

झाडपाला विकणारा पंसारी तर त्याहून बेरकी. अर्जुनाची साल म्हणून एकदा त्यानं बाभळीची साल दिली. परत न्यायला गेलो तर म्हणतो, भैया, अंदर से सब एक है. आणि आमचे साहेब त्याच सालीवर पंधरा दिवस थेंब मोजत बसलेले. मी सांगितलं नसतं तर ते बाभळीचं अर्जुन म्हणून छापून आलं असतं. तुमच्या डबीतल्या गोळीत काय आहे, ते कुणी हुंगून पाहिलंय का? मी पाहिली. कशाचाच वास नाही.

तर, पान.

मोठी परीक्षा होती त्या वर्षी साहेबांची. बाहेरगावी सभा भरायची होती, सगळ्या देशातले कागदाचे डॉक्टर जमायचे होते, आणि आमच्या साहेबांना तिथं आपलं काम वाचायचं होतं. अर्जुन, हिरडा आणि आवळा ह्यांच्यात कोण मोठा ते ठरवायचं. त्याला शुद्ध तूप हवं. बाजारातलं तूप आणलं की नळीत गुलाबी. दुसरीकडचं आणलं, फिकं गुलाबी. साहेब वैतागले. मला म्हणाले, "तुझी बायको घरी तूप काढते ना? तेच आण."

मी फुगलो. घरी येऊन इंदूला सांगितलं, तीही फुगली. आमच्याकडे म्हशीचं दूध यायचं. ती साय साठवायची, विरजायची, घुसळायची, महिन्यातून एकदा लोणी कढवायची. रवाळ, पांढरंशुभ्र तूप. जयपूरच्या उन्हाळ्यात, जिथं खिडकीला हात लावता येत नाही, तिथं तिचं तूप महिना-महिना बरणीत राहायचं आणि त्याला वास मारायचा नाही. आता विचार करा. माझं नाक सरकारनं विकत घेतलेलं. रोज दहा बाटल्या हुंगतो, आणि घरची बरणी खवटत का नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नाही. घरात वास येत नाही म्हणजे नाही. तिथं काय हुंगायचं?

तिनं बरणी धुऊन, पुसून, वर फडकं बांधून दिली. म्हणाली, "साहेबांना म्हणावं, अजून लागलं तर अजून देते."

बाटल्या भरल्या. पेटीत ठेवल्या. दिवस जायला लागले. आणि कोरी बाटली खवटेना.

आठ दिवसांनी हुंगली, ठणठणीत. साहेबांनी थेंब सोडले, दोन थेंबांत निळा रंग गेला. बारा दिवसांनी, पंधरा दिवसांनी तेच. ज्यात काही घातलेलं नाही ते तूप, आणि अर्जुन घातलेलं तूप, दोन्ही सारखी. म्हणजे अर्जुनाचा उपयोग शून्य, हिरड्याचा शून्य, आवळ्याचा शून्य. साहेब माझ्याकडे बघायला लागले.

"कांडी धुतली होतीस का?"

"धुतली होती साहेब."

"अर्काची कांडी न धुता कोऱ्या बाटलीत बुडवलीस तू."

"नाही साहेब. मी कोरी बाटली आधी भरतो."

"मग हे काय आहे? भुतानं केलं?"

पुन्हा सगळं पहिल्यापासून. घरून नवं तूप आणलं. ह्या वेळी साहेब स्वतः माझ्या खांद्याशी उभे राहिले, कांडी कशी धुतो, कशी पुसतो ते बघत. मी इतकी वर्षं कांड्या धुतोय आणि हे माझी परीक्षा घेतायत, ह्याचा मला जो राग आला तो अजून आहे. पुन्हा दिवस गेले. पुन्हा कोरी बाटली ठणठणीत. साहेबांचा चेहरा असा झाला होता, की तेच आंबल्यासारखे दिसायचे. सभा जवळ आली होती. एका दुपारी त्यांनी मला समोर उभं केलं. रामजीलाल दारातच होता.

"तुझ्या घरच्या तुपात भेसळ आहे," साहेब म्हणाले.

"साहेब, घरचं आहे ते."

"म्हणूनच. विचार बायकोला काय घालते ते. आणि नीट विचार. ह्या महिन्याअखेर तुझा कागद येतो ना?"

रामजीलाल मागाहून म्हणाला, "मराठे, भाभी ने घी में जादू-टोना किया दीखै।"

घरी गेलो. इंदू तांदूळ निवडत बसली होती. मी चप्पल पण काढली नाही.

"तुपात तू काय घालतेस?"

"काय घालणार? तूपच आहे ते."

"साहेब म्हणतात भेसळ आहे."

तिनं सूप खाली ठेवलं. "भेसळ? माझ्या तुपात? अहो, देवासमोर उभं करा मला. मीठ नाही, हळद नाही, काही नाही. कढत आलं की पान टाकते, तेवढंच."

"कसलं पान?"

"विड्याचं. तडतडून कुरकुरीत झालं की काढून टाकते. सगळ्याच टाकतात. तुमच्या आईनंच शिकवलं मला. तूप रवाळ होतं, वास चांगला येतो, आणि टिकतं. तुम्ही कधी बघितलं नाहीत?"

नव्हतं बघितलं. आई तूप कढवायची तेव्हा मी बाहेर असायचो. इंदू कढवायची तेव्हाही बाहेर. ताटात वाढलेलं तूप मला माहीत होतं. चुलीवरचं माहीत नव्हतं.

तिथंच मला कळायला पाहिजे होतं. कोऱ्या बाटलीत आधीच पान होतं. अर्जुन, हिरडा, आवळा ज्या तुपात घातले त्या सगळ्या तुपात आधीच पान होतं. म्हणून सगळं सारखं. म्हणजे पान ह्या सगळ्यांच्या तोडीस तोड होतं. चौथी शिकलेल्या माणसालाही कळेल इतकं सोपं. पण मला काय कळलं? मला कळलं, की माझी नोकरी चालली.

मी ओरडलो. शेजारचे दारात आले इतका ओरडलो. "दोन महिने साहेबांनी थेंब मोजलेत! तुझ्या एका पानानं माझ्या पोटावर पाय आणला!"

ती उभी राहिली. रडली नाही. म्हणाली, "पण तूप टिकलं ना? मग तुमच्या त्या बाटल्यांत त्यांनी पानच का घालून बघू नये?"

बघा. सगळं तिनं सांगून टाकलं होतं, तांदूळ निवडता निवडता.

मी म्हटलं, "तू मला लॅब शिकवू नकोस. ह्या घरात पुन्हा तुपात पान पडलेलं दिसता कामा नये."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. मला वाटलं, हाकलतात आता. ते आधी लाल झाले, मग खुर्चीत बसले, मग म्हणाले, "असं कुणी करत नाही. आमच्याकडे आई तूप करते. मी कधी पान पाहिलेलं नाही." आणि पुण्याला आईंना कार्ड टाकलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. साहेबांनी वाचलं आणि टेबलावर उलटं ठेवून बाहेर गेले. मी सरळ करून वाचलं. तेवढं वाचता येतं मला. लिहिलं होतं, "हो, नेहमी घालते. का रे, तुझ्या तुपात पान सापडलं का? मी तर गाळून घेते." तीस वर्षं भातावर तूप ओतून खाल्लेला डॉक्टर. आणि मला विचारत होता, कांडी धुतलीस का.

मग साहेबांना झटका आला. दूधवाल्याकडून लोणी आणलं, लॅबमध्येच माझ्याकडून कढवून घेतलं, पान न घालता. ते खरं कोरं. मग पानाचा अर्क काढला. पानाची बाटली, अर्जुनाची, हिरड्याची, आवळ्याची, सगळ्या पेटीत. कोरी बाटली आठव्या दिवशी गेली. तिचा वास घेतला आणि मला इतकं बरं वाटलं, की खवट वासानं इतकं बरं वाटू शकतं हे कुणाला सांगूनही पटणार नाही. मग काही दिवसांनी हिरडा खवटला. अर्जुनही गेला. पानाची बाटली शेवटपर्यंत आवळ्याच्या बरोबरीनं उभी राहिली. साहेबांनी सभेत अर्जुन-हिरडा बाजूला ठेवून विड्याचं पान वाचलं. टाळ्या पडल्या म्हणे. मोठा लेख छापून आला, इंग्रजीत. लॅबमध्ये मिठाई वाटली. रामजीलालनं चार पेढे उचलले.

मी साहेबांना लेखात काय लिहिलंय ते विचारलं. शेवटी आभार असतात हे मला माहीत होतं. प्रिन्सिपॉलांचे होते, कॉलेजचे होते. माझं नावही होतं, मदतीबद्दल. मी म्हटलं, "साहेब, ते पान आमच्या घरून..." साहेब म्हणाले, "अरे, असं लिहीत नसतात. मी लिहिलंय की, हे परंपरेनं माहीत आहे."

परंपरा. परंपरा कोण? ती आमच्या घरी तांदूळ निवडत होती.

हे मी आज म्हणतोय. तेव्हा म्हटलं नाही. तेव्हा मी मान हलवली आणि मिठाई खाल्ली, कारण महिनाअखेरचा कागद सहा महिन्यांचाच आला होता, पण त्या आठवड्यात पुढचा आला, आणि तो सहा महिन्यांचा नव्हता. पक्की झाली होती नोकरी.

घरी सांगितलं. इंदूनं देवापुढं साखर ठेवली. मग म्हणाली, "एकदम पक्की कशी झाली हो?"

"माझ्या नाकामुळं," मी म्हटलं.

ती हसली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "त्या पानाचा राग गेला ना साहेबांचा?"

मी म्हटलं, "गेला."

बस्स. तेवढं बोलून मी हात धुवायला गेलो. सांगायला काय लागत होतं? अगं, तुझं पान पहिलं आलं. सहा शब्द पण होत नाहीत. पण ते सांगायचं म्हणजे त्या दिवशी शेजाऱ्यांसमोर ओरडलो ते चुकलं असं म्हणावं लागणार. तिच्यापुढं. ते माझ्या जिभेला जमेना. म्हटलं, उद्या सांगू. दिवाळीत सांगू. मुलगा झाला की सांगू. मग ती गोष्टच शिळी झाली. आणि मी स्वतःला समजावलं, की तिच्या आता लक्षातही नसेल.

साहेब पुढे दिल्लीकडे गेले. रामजीलाल रिटायर झाला, मग मीही झालो. मुलानं वैशाली नगरला घर घेतलं. जिथं आमचा दूधवाला म्हशी चारायचा, तिथं आता आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. इतक्या वर्षांत एक बदल घरात झाला होता आणि तो मी बघूनही बघितला नाही. आधी इंदू महिन्यातून एकदा तूप कढवायची. नंतर दर आठ दिवसांनी कढवायला लागली. उन्हाळ्यात तर पाच दिवसांनी. एकदा मी विचारलं, "सारखं काय चुलीपाशी?" म्हणाली, "ताजं बरं असतं." मी समाधानानं जेवलो. पान नाही म्हणून तूप टिकत नव्हतं, म्हणून ती चौपट वेळा भट्टीसमोर उभी राहत होती. आणि हा नाकवाला तिच्या हातचं ताजं तूप खाऊन मिशीवरून हात फिरवत होता.

फाल्गुनात ती गेली तेव्हा ओट्यावर तिची तुपाची बरणी होती. अर्धी भरलेली. घरात पाहुणे, कुणाचं लक्ष नाही. तेराव्यानंतर मी झाकण काढलं आणि हुंगलं. सवयच ती. खवट. चांगलंच खवट. साहेबांच्या थेंबांची गरजच नव्हती.

ते बघून मला पहिल्यांदा कळलं, की तिनं ऐकलं होतं. एकदाही लपूनछपून पान टाकलं नव्हतं. मला वाटायचं, बायका ऐकल्यासारखं करतात आणि आपल्या मनाचंच करतात. हिनं तसं केलं असतं तर किती बरं झालं असतं.

सून तूप करायला घेत होती. ती इथंच वाढलेली मराठी मुलगी, चांगली आहे, मराठी बोलताना हिंदीत पाय अडकतो एवढंच. मी जाऊन मागं उभा राहिलो. म्हटलं, "स्वाती, ह्यात पान घाल."

ती दचकली. "बाबा? पण आईंनी तर सांगितलं होतं, की आपल्याकडे घालायचं नाही."

"कधी सांगितलं?"

"लग्न होऊन आले ना, तेव्हाच. म्हणाल्या, सगळीकडे घालतात, पण आपल्या घरी नको. मतलब, बाबांच्या नोकरीवर आलं होतं एकदा. चुकून पण नको घालू."

मला रिटायर होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. तिच्या हिशेबानं माझी नोकरी अजून कच्चीच होती. आणि ती राखत होती.

मी तिथंच ओट्याला धरून स्वातीला सगळं सांगितलं. जे इंदूला सांगायचं होतं ते. स्वातीनं गॅस बारीक केला. म्हणाली, "म्हणजे आईंना माहीतच नव्हतं?"

"नाही."

ती वळून लोणी ढवळायला लागली. शिकलेली असून तिला कुठं गप्प बसायचं ते कळतं, हे मी तिच्या बाजूनं लिहून ठेवतो.

कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे गेलो. "बाबूजी, मीठा के सादा?" म्हटलं, काही लावू नकोस, कोरं दे. घरी आणलं, धुतलं, पुसलं. लोणी कढत आलं होतं, वर फेस धरला होता. मी पान सोडलं. ते तडतडलं, कडेनं वळलं, आधी गडद हिरवं झालं, मग तपकिरी, मग सुकल्या कागदासारखं वर तरंगायला लागलं. आयुष्यभर ह्या एका पानाची भाकरी खाल्ली, आणि ते तुपात पडताना पहिल्यांदाच बघत होतो. छान वास येतो त्याला.

ते तूप नव्या बरणीत भरून ठेवलंय. अजून मी त्याला हात लावलेला नाही. भातावर मी जुन्या बरणीतलं घेतो. मुलगा चिडतो, बाबा, पोट बिघडेल, फेका ते. म्हणूनच तर ती गोळ्यांची डबी आणलीय त्यानं. डबी तशीच पडून आहे. खवट आहे तूप, घशाला लागतं, मला कुणी सांगायला नको. पण आधी तिचं संपवायचं आहे.